तीन पाण्यांनी धुतलेलं मीठ

१३ नोव्हेंबर १९७९, मंगळवार

दिवस गेलेत म्हणून दवाखान्यात गेले. अडीच तास रांगेत बसले आणि डॉक्टरीणबाईंनी पोटाकडे पाहिलंच नाही. मानेकडे पाहिलं. "गिळा," म्हणाल्या. गिळलं. "पुन्हा गिळा." पाणी दिलं, तेही गिळलं. बोटांनी गळा चाचपला आणि विचारलं, "हे किती वर्षांपासून?"

हे म्हणजे माझ्या गळ्याची सूज. लग्नाआधीपासून आहे. माझ्या आईला होती, मावशीला होती, आमच्या पिंपळदऱ्याच्या विहिरीवर येणाऱ्या निम्म्या बायांना होती. तिला कुणी दुखणं म्हणतच नव्हतं. वर्गात फळ्याकडून वळले की सातवीतल्या पोरी माझ्या गळ्याकडे बघून खुसखुसतात, ते मला माहीत आहे. म्हणून मी बंद गळ्याचे ब्लाउज शिवते. आजवर तेवढाच इलाज केला.

या डॉक्टर लतिकाबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण बोलणं हेडमास्तरणीचं. "गलगंड आहे. अन्नातून आयोडीन कमी पडतं म्हणून होतो. तुम्ही विज्ञान शिकवता ना?"

शिकवते. आयोडीन म्हणजे जखमेला लावायचं तपकिरी औषध आणि बटाट्यावर टाकलं की निळं होतं, एवढं आठवीला शिकवते. त्याचा माझ्या पोटाशी काय संबंध, ते आमच्या पुस्तकात नाही!

संबंध त्यांनी सांगितला. गळ्यातल्या ग्रंथीला आयोडीन लागतं. पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, ते आईच्याच भरवशावर असतं. आईजवळच नसेल तर त्याला कुठून मिळणार? कधी गर्भ पडतो. मागच्या वर्षी माझा तिसऱ्या महिन्यात पडला, तो कदाचित यानेच. आणि टिकला तरी बाळाचा मेंदू, कान, अंगाची वाढ, सगळ्याला धोका. डोंगराच्या पायथ्याच्या गावांत पाऊस मातीतलं आयोडीन धुऊन नेतो म्हणे.

त्या बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे लहानू होता.

१४ नोव्हेंबर

लहानू माझा दीर. चोवीस वर्षांचा, उंची माझ्या खांद्याएवढी. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही नाही. समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. दिवसभर आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मागे मागे. तांदूळ निवडतो, पाणी भरतो, वाळवणावरचे कावळे हाकलतो. लग्न होऊन नागपुरात, या नंदनवन वस्तीतल्या घरात आले तेव्हा मला त्याची भीती वाटायची. आता त्याच्या थाळीत पोळी मी वाढली नाही तर तो जेवत नाही.

पण मला लहानूसारखं मूल नको. हे इथेच लिहिते. बाहेर कुठे बोलायची सोय नाही.

१७ नोव्हेंबर

मोठ्या डोसाचं औषध या दिवसांत द्यायला डॉक्टरीणबाई तयार नाहीत, बाळाला उलट बाधतं. रोजच्या जेवणातून थोडं थोडं गेलं पाहिजे. आयोडीन घातलेलं मीठ मिळतं. कुठे? तर हिमालयाकडच्या जिल्ह्यांत! इतवारी बाजारात चार दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "बाई, लोक दुसऱ्या जिनसांत मीठ मिळवतात. मिठात मिळवलेलं तुमीच पहिल्यांदा मागून राहिल्या." वर हसला. मला हसू आलं नाही.

माझा मोठा भाऊ रुपराव फौजेत आहे, डेहराडूनला. त्याला पत्र टाकलं. दहा किलो तरी पाठव म्हटलं.

रात्रीच्या जेवणाला ह्यांना सांगितलं. हे कळमेश्वरच्या कारखान्यातून येतात तेच अर्धे झोपलेले. "मिठासाठी डेहराडून? आमच्या आईनं जन्मभर हेच मीठ खाल्लं." हो ना. तेच तर सांगते आहे मी!

२६ नोव्हेंबर

भाजी चिरून, डबा भरून, सातला शाळेत. ओकारी दोनदा.

आत्याबाई विळीला हात लावत नाहीत. लग्नाला तीन वर्षं झाली, एकदाही नाही. बाकी स्वयंपाक सगळा त्यांचा. मी खोटं का लिहू, त्यांच्यासारख्या पोळ्या मला जन्मात जमायच्या नाहीत. पण चिरायचं म्हटलं की, "तू चिरून ठेव वं, बाकी मी पायतो." मी माहेरी गेले की शेजारच्या सिंधूताईंकडून चिरून आणतात! ह्यांना विचारलं तर, "लहानपणापासून असंच पाहतो, कधी विचारलं नाही." सिंधूताई म्हणतात काही नेम असेल. असेल. पोटात ढवळत असताना कांदा चिरून पाहावा एकदा, म्हणजे नेम किती दिवस टिकतो ते कळेल.

१२ डिसेंबर

मीठ आलं! भाऊच्या पलटणीतला एक जवान सुटीवर वर्ध्याला चालला होता, तो नागपूर स्टेशनवर बोरी देऊन गेला. दहा नाही, वीस किलो. जाडे खडे, थोडे मळके, नेहमीच्या मिठासारखेच. मला काय वेगळं दिसायला पाहिजे होतं कोण जाणे.

आत्याबाईंना समोर बसवून सांगितलं. हे साधं मीठ नाही, औषध आहे. बाळासाठी आहे. घरात दुसरं मीठ आणायचं नाही. हे फार जपून वापरायचं. लहानू बोरीचा वास घेत होता. आत्याबाईंनी बोरीला हात लावून तो कपाळाला लावला. "औषध आहे म्हन्तं तं तसंच जपीन वं मी. तू काही फिकर नको करू."

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

९ जानेवारी १९८०

निवडणुकीची ड्यूटी एकदाची संपली. चौथा महिना आहे, सूट द्या म्हणून अर्ज केला होता. साहेब माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाले, "दिसत तर नाही." दिसायला लागल्यावर म्हणतील आधी का नाही सांगितलं. दिवसभर लाकडी बाकावर. पाय सुजले ते अजून उतरत नाहीत.

१५ जानेवारी

काल सगळ्यांनी तीळगूळ दिला. आज डॉक्टरीणबाईंनी टेप लावून गळा मोजला. अर्धा इंच वाढलाय. थकवा, थंडी वाजणं, केसांचे पुंजके, सगळं तसंच.

"मीठ खाता ना?"

खाते.

"खरंच खाता, की फडताळात ठेवलंय?"

मी काय गृहपाठ न केलेली पोरगी आहे? महिना होऊन गेला, दोन्ही वेळा त्याच मिठाचं जेवते आहे. तसं सांगितलं. "मग तुमच्या मिठात काही नाही," म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

येताना रिक्षात रडले. रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं.

२२ जानेवारी

शाळेच्या कपाटातल्या जुन्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात कृती सापडली. तांदळाची पेज, तिच्यात पोटॅशियम आयोडाइड, दोन थेंब पातळ आम्ल. त्यात मीठ टाकायचं. आयोडीनवालं असेल तर निळं होतं.

घरून बरणीतलं मीठ पुडीत बांधून नेलं. मधल्या सुटीत करून पाहिलं. पांढरं. पुन्हा केलं, जास्त मीठ टाकून. पांढरंच. तिसऱ्यांदाही पांढरं.

म्हणजे फसवलं! तिकडच्या दुकानदाराने भाऊला फसवलं, आणि भाऊने बोरी न बघता उचलली. चार पानी पत्र लिहिलं त्याला. "तुला बहिणीच्या पोटाची किंमत नाही" असंही लिहिलं. पेटीत टाकल्यावर वाटलं, ती ओळ नको होती.

५ फेब्रुवारी

भाऊचं उत्तर. अर्धं कार्ड भरलंय, बाकी कोरं. म्हणजे चांगलाच रागावला आहे. "इथे सगळ्या पलटणीच्या बाया हेच मीठ खातात. खोट तुझ्या प्रयोगात असेल. बोरीतलं मीठ तपासलं का?"

बोरीतलं नाही, बरणीतलं तपासलं होतं. पण बरणीत ते बोरीतूनच तर जातं! तरी आज बोरीत हात घालून मूठभर नेलं.

निळं झालं. शाईसारखं निळंशार. आठवीच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

बोरीत आहे, बरणीत नाही. मधे जातं कुठे? घरात काय भूत आहे?

८ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळा लवकर सुटली. साडेदहाला घरी. गच्चीवर लहानू काठी घेऊन उन्हात बसलेला, समोर जुन्या धोतराच्या तुकड्यावर पांढरं काहीतरी पसरलेलं. हे चित्र मी याआधी दोनदा तरी खालून पाहिलं होतं. तांदूळ असतील म्हटलं होतं. आज वर गेले. मीठ होतं. ओलं.

खाली मोरीत आत्याबाई. मोठ्या तोंडाच्या गंजात मीठ, वर पाणी, हाताने ढवळून गढूळ पाणी भसकन मोरीत. मी बघत असतानाच दुसरं पाणी घातलं.

"हे काय करता?"

"मीठ धुतो. किती कचरा हाये त्यात, पाय. बारीक गोटेबी निंगतात."

"रोज धुता?"

"बरनी सरली का धुतो. पयले एका पान्यानं धुवत होतो. तू म्हनलं औषध आहे, तं आता तीन पान्यानं धुतो. औषधाले घान चालते काय?"

आयोडीन खड्यांवर वरून लावलेलं असतं. पहिल्याच पाण्यात ते जातं. डिसेंबरपासून माझ्या बाळाचा वाटा त्या मोरीत गेला. तीन तीन पाण्यांनी. जपून!

माझी आईही मीठ धुवायची. मी स्वतः लहानपणी धुतलंय, वाळत घातलंय. आमच्याकडे कोणती बाई जाडं मीठ न धुता वापरते? हे मला त्याच दिवशी सुचायला पाहिजे होतं. मी सगळं सांगितलं आणि एवढंच सांगायचं राहिलं.

पण ते आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी काय बोलले ते इथेही लिहिवत नाही. लिहिते. म्हणाले, "आणखी एक लहानू पाहिजे का तुम्हाला या घरात?"

आत्याबाईंच्या हातातला गंज तसाच राहिला. लहानू जिन्यात येऊन उभा होता. त्याला ऐकू आलं नाही, पण आमची तोंडं दिसली. त्याला वाटलं त्याचंच काही चुकलं. हात हलवून हलवून मला सांगू लागला, एकही कावळा बसू दिला नाही, एकही नाही.

१२ फेब्रुवारी

आत्याबाई बोलत नाहीत. जेवण वेळेवर, गरम, सगळं माझ्या आवडीचं. पण शब्द नाही. मीठ बोरीतून थेट काढतात, एकेक खडा परातीत घेऊन कोरड्याच निवडतात. बरणीला घट्ट झाकण, चुलीपासून दूर. सांगितलं तसं सगळं. ह्यांना मी बोलले ते कळलंय. "आईला असं बोलायचं नव्हतं," एवढंच म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

माफी मागायला दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. परत आले. गेलेले दोन महिने मला कोण देणार, असं मनात येतं आणि पुन्हा राग चढतो.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज सूर्यग्रहण. दुपारी अडीचनंतर सगळं नंदनवन दारं लावून बसलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. खिडक्यांना वर्तमानपत्रं. हे चादर ओढून झोपले.

आठ दिवसांनी आत्याबाई पहिल्यांदा बोलल्या. "निजून राय. सरळ. गिऱ्हान सुटेवरी हातपाय हालवू नको, काही चिरू नको, मोडू नको." मी गुपचूप पडले. म्हटलं यांचं एवढं तरी ऐकावं.

घरात पहाटेपासून चूल पेटली नव्हती. उरलेलं अन्न टाकून दिलेलं. मोठी माणसं उपास समजतात, लहानूला कोण समजावणार? तो सकाळपासून पोट दाखवत फिरत होता. चारच्या सुमाराला आपली रिकामी थाळी घेऊन आला आणि माझ्या उशाशी ठेवली. वाढायचं काम माझं आहे ना. डोळे पाण्याने भरलेले. आत्याबाई देवापुढे डोळे मिटून बसलेल्या.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. उठले. टोपलीत संत्री होती. एक सोलून दिलं असतं तर भागलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला चिरायचंच होतं. विळी ओढली, पाट मांडला, पेरू घेतला, चार फोडी केल्या. लहानूला दिल्या. त्याने दोन गपागप खाल्ल्या, मग माझ्याकडे पाहून एक माझ्या हातात दिली. मीही खाल्ली.

वळले तर आत्याबाई दारात. मला वाटलं आता आकांत. त्या ओरडल्या नाहीत. उंबऱ्यातच खाली बसल्या. "चिरलं इनं," म्हणाल्या. "बाप्पा, चिरलं."

मग भिंतीकडे बघत सांगत गेल्या. शब्द जमेल तसे उतरवते.

"पंचावनच्या साली असंच गिऱ्हान होतं. सकायचं. लहानू पोटात, सातवा चालू. मले लय भूक लागली होती वं. कोनी काही खाऊ देईना. कोठीत गेलो अन् एक आंबा चिरला. एकच फोड तोंडात टाकली, अन् सासूनं पायलं. तिनं गावभर सांगतलं. मंग लहानू दोन वर्साचा झाला तरी बोलेना. त्याच्या मांगं थाळी वाजवली तरी वयून पाहेना. सारे म्हनत, याचे कान याच्या मायनंच कापले. तवापासून मी विळीले हात नाही लावला."

आणि शेवटी: "अन् तू मले म्हन्लं, आनखी एक लहानू पायजे काय म्हनून."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. पायांवर डोकं ठेवलं. पोट मधे येत होतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं नीट सांगितलं. डॉक्टरीणबाई मला सांगतात तसं नाही, चौथीच्या वर्गाला सांगतात तसं. माती, विहीर, मीठ, आईचा गळा, बाळाचे कान. ग्रहणाचा काही संबंध नाही, विळीचा नाही, आंब्याचा नाही. मग विचारलं, "आत्याबाई, तुमचा गळा दाखवता?" त्यांनी पदर बाजूला केला. तीन वर्षं एका घरात राहते आहे, मी तो कधी पाहिला नव्हता. माझ्या दुप्पट आहे. त्यांचं माहेर आमच्या पिंपळदऱ्याहून दोन कोसांवर, नरखेड तालुक्यातच.

त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "मंग मनोहर काहून चांगला निंगाला? थोबी याच मिठावर झाला. गिऱ्हान तं लहानूच्याच वक्ती होतं."

आमचे इन्स्पेक्टर एवढा सरळ प्रश्न कधी विचारत नाहीत! सांगितलं, सगळ्याच मुलांना सारखं होत नाही. मनोहर म्हणजे हे, पहिले. मग दोन बाळंतपणं गेली, त्या दोन मुली जगल्या नाहीत. प्रत्येक वेळी आईजवळचा साठा कमी होतो. लहानूच्या वेळी काही उरलं नसेल.

"असन," म्हणाल्या. "तू मास्तरीन आहे, तुले सारं पाठ आहे. पन काल तू चिरलं. आता तुह्या पोटातलं काय निंगते, थे पाहू दे मले."

पटकन उठून गेल्या. भाजी मीच चिरली.

२९ फेब्रुवारी

आता या घरात दोन भीती आहेत. माझी मिठाची, त्यांची पेरूची. बाळ एकच.

११ मार्च

भाऊची दुसरी बोरी. बोरीवर लाल रंगाने, हाताएवढ्या अक्षरांत: धुवू नका. त्याला मी सगळं लिहून कळवलं होतं, माफीही मागितली होती. माफीवर त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही. सिंधूताई वाचून म्हणाल्या, "मिठाच्या बोरीवर असं काहून लिवलं वं?" त्यांनाही बसवून सांगितलं. पुढल्या बरणीच्या वेळी त्यांनी धुतलं नाही तर शपथ! डोकं हलवत होत्या, पण "एक पानी तं मारावंच लागन" असं पुटपुटत गेल्या.

२८ मार्च

आठवीला ग्रहण शिकवलं. सूर्य, चंद्र, पृथ्वी, सावली. फळ्यावर सुंदर आकृती काढली. एका पोरीने विचारलं, "बाई, मग पोटातल्या बाळाचं काय होते?" काही होत नाही, ठणकावून सांगितलं. आणि घरी येईपर्यंत रस्ताभर त्या चार फोडी डोळ्यांपुढे. स्वतःचीच लाज वाटते. बी.एस्सी. केलंय मी.

२२ एप्रिल

गळा वाढलेला नाही. पाव इंच कमीच आहे! थंडी वाजत नाही, म्हणजे या उन्हाळ्यात कुणालाच वाजत नाही म्हणा. डॉक्टरीणबाईंना धुण्याचं सांगितलं तेव्हा त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "मीसुद्धा धुऊनच वापरत होते." पहिल्यांदाच माणसासारख्या बोलल्या.

विचारलं, गेलेल्या महिन्यांचं काय? "सांगता येत नाही. पुढचं सोडू नका." सांगता येत नाही हे ऐकायला मी दर महिन्याला अडीच तास बसते.

१९ मे

बाळ फार पाय मारतं. आत्याबाई हात ठेवून बघतात. मग दारामागे जाऊन थाळी वाजवतात, पुन्हा हात ठेवतात. मी चिडले की म्हणतात, "काही नाही, पडली."

६ जुलै, रविवार

मुलगी. काल पहाटे. सहा पौंड. डोळे उघडते, दूध ओढते. आत्याबाईंनी तिला घेतलं, कानांच्या पाळ्या उलटसुलट पाहिल्या, अख्ख्या आहेत का ते. मग माझ्याकडे न बघता परत ठेवली.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, ऐकू येतं का? "इतक्यात नक्की सांगता येत नाही." हे वाक्य आता मला पाठ आहे.

२१ जुलै

घरी आहोत. आत्याबाई बाळाच्या मागे चुटक्या वाजवतात. ती कधी डोळे मिचकावते, कधी नाही. मीही वाजवते, त्या नसताना. कालपासून पाऊस एवढा पत्र्यावर वाजतोय की काही खरं कळत नाही.

भाजी सिंधूताईंकडून चिरून येते. विळी कोपऱ्यात, वर फडकं टाकलेलं.

११ ऑगस्ट, सोमवार

न्हाणीत होते. स्वयंपाकघरात थाळी पडल्याचा आवाज झाला आणि बाळ किंचाळून रडलं. गप्प झालं, तर पुन्हा थाळी. पुन्हा रडणं. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी ओल्या केसांनी धावत बाहेर आले, आत्याबाईंना बोलायलाच.

बाळ लहानूच्या मांडीवर, रडून लाल. तो तिला हलवत होता. थाळी विळीच्या बाजूला जमिनीवर पडलेली. आत्याबाई विळीवर बसून दोडका चिरत होत्या. डोळे पुसायला थांबत होत्या आणि पुन्हा चिरत होत्या. फोडी एकसारख्या नव्हत्या.